हात मागे

सकाळचे पावणेदहा. वाईच्या मधल्या आळीतल्या एका जुन्या वाड्याची माडी. जिन्याच्या तळाशी चपलांची रांग लागली आहे आणि तिच्या शेजारी भिंतीला टेकून दोन काठ्या उभ्या आहेत. जिना अरुंद आहे, काठी पायरीत अडकते. म्हणून ती खाली ठेवायची आणि कठड्याला धरून वर यायचं, अशी इथली रीत पडून गेली आहे.

वर अकरा जण बसले आहेत. एका शाळेनं नवे संगणक घेतले तेव्हा जुने पाच आम्हाला दिले; पाच जण त्यांच्यासमोर आहेत. बाकीच्यांच्या हातात आपापले मोबाइल. नोव्हेंबर उजाडला आहे, कृष्णेवरून आलेला गारवा अजून खोलीत रेंगाळतो आहे, कानटोप्या उतरलेल्या नाहीत. फळ्यावर वर्गातल्या निवृत्त शिक्षिकेच्या, बाईंच्या, वळणदार अक्षरात दोन ओळी आहेत, त्या तीन आठवडे कुणी पुसलेल्या नाहीत. पहिली, ‘पैसे येताना पिन लागत नाही.’ दुसऱ्या ओळीत नुसता आकडा, १९३०.

मी हात पाठीमागे बांधून उभी आहे.

हा आमच्या वर्गाचा पहिला नियम, आणि तो माझ्यासाठी आहे. कुणाच्या हातातून फोन घ्यायचा नाही. कुणाच्या माउसवर हात ठेवायचा नाही. सांगायचं ते तोंडानं सांगायचं, दहादा सांगायचं. या अकराही जणांच्या ओळखीत कुणी ना कुणी आहे, मुलगा, सून, नात, शेजारचा पोरगा, जो ‘द्या इकडे’ म्हणतो, फोन घेतो, दोन सेकंदांत काहीतरी करतो आणि ‘झालं’ म्हणून परत देतो. तो प्रेमानंच करतो. पण काय झालं ते फोनवाल्याला कळलेलं नसतं. दुसऱ्यांदा विचारायला संकोच वाटतो आणि तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही. मग चांगला पंधरा हजारांचा फोन ‘आला तर उचलायचा’ एवढ्यापुरता उरतो. शिकायची ताकद गेलेली नसते; विचारायची हिंमत गेलेली असते.

“आता टेबल संपलं गं,” गंगापुरीतल्या आजी म्हणतात.

त्यांचा हात पार टेबलाच्या कडेपर्यंत ताणला गेला आहे, माउस पडायच्या बेतात आहे आणि पडद्यावरचा बाण अजून मध्यावरच आहे. मी म्हणते, “आजी, माउस उचला. उचललेला असताना बाण हलत नाही. मागे आणा, परत टेकवा आणि पुढे सरकवा.”

आजी उचलतात. बाण जागीच थांबतो. त्या माउस मागे आणून टेकवतात, पुन्हा पुढे नेतात. बाण वर चढतो. असं दोनदा झाल्यावर त्यांच्या खांद्यातला ताण उतरलेला मला दिसतो.

“पाट्यावर वरवंटा,” त्या शेजारणीला सांगतात. “पुढं रेटायचा, मागं घ्यायचा. बाकी काही नाही.”

महिनाभर मी ‘उजवीकडे’, ‘डावीकडे’ करत होते. यापुढे नव्या माणसाला वरवंटाच सांगेन.

डबल क्लिकचं दुखणं वेगळं आहे. पहिल्या आणि दुसऱ्या टिचकीच्या मध्ये हात किंचित हलतो किंवा वेळ जरा जास्त जातो. संगणकाला त्या दोन सुट्या टिचक्या वाटतात, नाहीतर फाइलच भलतीकडे ओढली जाते. माणसाला वाटतं, आपल्याला जमत नाही. त्यावर साधा उपाय आहे. एकदाच टिचकी मारायची आणि एंटर दाबायचा. काम तेच होतं. ज्यांचा हात थरथरतो त्यांना मी डबल क्लिक शिकवणं सोडून दिलं आहे.

खिडकीजवळ बावधनचे आबा मोबाइलशी झटत आहेत. हळद आणि ऊस काढून काढून त्यांच्या बोटांची कातडी घट्ट, कोरडी झाली आहे. मोबाइलच्या काचेला बोटाचा दाब नको असतो, बोटातून जाणारी बारीकशी वीज कळावी लागते. कोरड्या, जाड कातडीतून ती नीट पोचत नाही. आबांना वाटतं, कमी दाबलं. ते जोर लावतात आणि दाबून धरतात. दाबून धरलं की फोनला वाटतं, आबांना हे चित्र उचलून दुसरीकडे ठेवायचं आहे. मागच्या आठवड्यात असंच त्यांचं व्हॉट्सॲप पडद्यावरून नाहीसं झालं होतं आणि आबा दोन दिवस घरात कुणाला बोलले नव्हते. आपण काहीतरी मोडलं, असंच त्यांनी धरलं होतं.

टेबलावर ओला रुमाल ठेवला आहे. आबा त्याला बोट लावतात.

“तवा तापला का बघायला बोट लावतो ना आबा, तसं. लावलं की काढायचं.”

आबा तव्याला लावतात तसं काचेला बोट लावतात. जमिनीच्या नोंदींचं पान उघडतं. “आत्ता!” ते म्हणतात आणि पुन्हा एकदा, उगीचच, बंद करून उघडतात.

त्यांना सातबारा बघायचा आहे. महाभूलेखवर सातारा जिल्हा, वाई तालुका, गाव, गट नंबर. हे सगळं मराठीत आहे, आबा धडाधड निवडत जातात. मोबाइल नंबर टाकतात. शेवटी वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांचं चित्र येतं, ते वाचून तसंच्या तसं टाइप करायचं असतं. आबांना इंग्रजी येत नाही. सगळे दरवाजे उघडून आल्यावर उंबऱ्यावर अडवावं, तसं हे आहे. मराठी मुलखातल्या मराठी शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा कागद बघायला इंग्रजी अक्षरं का ओळखावी लागावीत, याचं मला दर खेपेला वाईट वाटतं. आजचं कोडं बाई वाचून दाखवतात, आबा चित्र जुळवून अक्षरं शोधतात. सातबारा उघडतो.

आबा वाचतात. आपलं नाव, भावाचं नाव, क्षेत्र. मग इतर अधिकाराच्या रकान्यावर बोट थांबतं.

“ह्यो सोसायटीचा बोजा अजून हाय व्हय? म्या तर कवाच फेडलाय.”

“दाखला असेल ना फेडल्याचा? तो घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या. बोजा कमी केल्याची नोंद व्हायला हवी. आणि हा उतारा नुसता बघण्यापुरता आहे हं आबा. कुठं द्यायचा असेल तर डिजिटल सहीचा काढावा लागतो, त्याला पंधरा रुपये पडतात.”

आबा खिशातून डायरी काढून लिहून घेतात. हा उतारा बघायला आजवर ते दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होते.

कोपऱ्यातल्या संगणकावर जुळारी काका बसले आहेत. वय ८१, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले. आळीतली जुनी माणसं त्यांना अजून याच नावानं हाक मारतात. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यात त्यांचा जन्म गेला. देवनागरीच्या केसमध्ये शेकडो खण. काने, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, प्रत्येकाचा खण वेगळा. काका सांगतात, दिवे गेले तरी हात चुकत नसे. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे उलटं वाचायची सवय इतकी, की सुलटं वाचताना जरा थांबावं लागे.

कळफलकावर मी मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या आहेत. मांडणी इनस्क्रिप्ट, १९९१ च्या भारतीय मानकातली. फोनवर बरेच जण इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात, ते सोपं पडतं. पण काकांना मी मुद्दाम हीच दिली. काका पहिल्या दिवशी कळफलकाकडे नुसते पाऊण तास बघत बसले होते. मग म्हणाले होते, “स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. आणि क वरच शिफ्टनं ख, ग वर घ, त वर थ, द वर ध. ज्यानं ही केस लावली त्याला बाराखडी कळत होती.”

आज त्यांना ‘विश्वकोश’ लिहायचं आहे. ते पहिली वेलांटी दाबतात. पडद्यावर टिंबाटिंबांचं एक वर्तुळ उगवतं आणि वेलांटी त्याला लटकून राहते.

“हे काय आलं?”

“काका, आधी व. मग वेलांटी.”

“वेलांटी आधी असते,” काका शांतपणे म्हणतात. त्यात हट्ट नाही, नुसती माहिती आहे. त्यांच्या हातानं हजारो वेळा हेच केलं आहे: आधी पहिल्या वेलांटीचा खिळा, मग अक्षराचा. कागदावर वेलांटी डाव्या बाजूला येते, तर खिळाही आधीच लावणार.

“एकदा करून बघा.”

ते पुसतात. व दाबतात. मग वेलांटी. वेलांटी उमटते आणि आपण होऊन व च्या पुढ्यात जाऊन उभी राहते.

काका मान पुढे करून बघतात. पुन्हा पुसतात, पुन्हा करतात. चार वेळा. माझे हात मागे आहेत आणि मला काही बोलायचंही नाही.

“म्हणजे हे बोलतो तसं लिहितं,” ते शेवटी म्हणतात. “आधी व म्हणायचं, मग इ. आम्ही दिसतं तसं जुळवायचो.”

युनिकोड कसं चालतं हे मी अनेकांना अनेक तऱ्हांनी समजावलं आहे. इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नाही.

ते पुढे श चा पाय मोडतात, व जोडतात. ‘विश्वकोश’ पुरा होतो आणि एंटर दाबल्यावर मराठी विश्वकोशाचं पान समोर येतं. या शब्दाचं वाईत वेगळं मोल आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच गावात राहिले, विश्वकोशाचं काम याच गावात चाललं, पहिला खंड १९७६ साली निघाला. वीस खंडांचं ते ओझं ज्यांनी ग्रंथालयात टेबलावर ठेवून उलटलं आहे अशी माणसं या खोलीत आहेत. आता ते पडद्यावर आहे, आणि शोधायच्या चौकटीत काका एकेक अक्षर लावून ‘मुद्रण’ लिहितात.

नोंद उघडते. अक्षर बारीक आहे. “कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह,” मी सांगते. अक्षरं मोठी होतात, आणखी मोठी होतात. काका चष्मा काढून ठेवतात आणि वाचायला लागतात. अर्धा तास त्यांना कुणी हाक मारू नये, असं मला वाटतं.

पण तेच मध्येच वळून विचारतात, “इथं लिहिताना चूक झाली तर?”

“बॅकस्पेस. नाहीतर कंट्रोल आणि झेड. झालेलं परत पहिल्यासारखं होतं.”

“फर्मा सोडावा लागत नाही?”

“नाही काका.”

छापखान्यात एका चुकीला किंमत होती. बांधलेला फर्मा सैल करायचा, चुकलेलं अक्षर चिमट्यानं उपसायचं, दुसरं बसवायचं, ओळ पुन्हा घट्ट करायची, आणि वरून मालकाचे शब्द. या खोलीतल्या सगळ्यांची आयुष्यं अशीच गेली आहेत. फाटलेला फॉर्म दुसरा मिळत नसे, खोडाखोड केली तर चेक परत येई, हरवलेली पावती हरवलेलीच. यंत्राला हात लावताना ते थबकतात ते उगीच नाही. इथं चूक फुकट आहे, ही गोष्ट त्यांना मी सांगून पटत नाही. ती बोटांना कळावी लागते.

काका पुढची शंका काढतात. “आचारी आणि आचार्य यांचं कसं?” ‘आचाऱ्यां’मधल्या र साठी शिफ्ट धरून र, पाय मोडायचा, मग य, असं मी सांगते. काका लिहितात: ‘आचार्यांना दक्षिणा दिली. आचाऱ्यांना मजुरी दिली.’ दोन्ही र आपापल्या जागी. “हा खिळा आमच्याकडे नेहमी कमी पडायचा,” ते म्हणतात आणि दुसरं वाक्य पुन्हा एकदा लिहितात.

साडेदहा. बाईंची वेळ ठरलेली आहे.

बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या, वय ७९. निम्मी आळी त्यांच्या हाताखालून गेली आहे. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांसाठी हयातीच्या दाखल्याचा महिना. गेल्या वर्षी एका ठिकाणी बोटाचा ठसा घ्यायच्या यंत्रावर बाईंचं एकही बोट लागलं नाही. सहा वेळा प्रयत्न झाले. मागे रांग होती. खिडकीतून कुणीतरी म्हणालं, “आजी, तुम्हाला बोटंच नाहीत.” बाई ते विसरलेल्या नाहीत. “बत्तीस वर्षं खडू धरला, घरी राखेनं भांडी घासली,” त्या म्हणतात, “रेषा राहणार कुठून?”

जीवन प्रमाण ही सोय २०१४ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. चेहऱ्यावरून दाखला द्यायची वाट २०२१ मध्ये निघाली. त्यासाठी फोनमध्ये दोन ॲप लागतात, एक चेहरा ओळखणारं आणि एक दाखल्याचं. आधी ‘ऑपरेटर’ म्हणून कुणाची तरी नोंद करावी लागते. ते पेन्शनरला स्वतःलाही होता येतं, म्हणून बाईंनी मागच्या तासाला स्वतःचीच नोंद केली आहे. मी ऑपरेटर व्हायला तयार होते, त्यांनी नको म्हटलं.

आता त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या आहेत, उजेड समोरून येतो आहे. फोन त्यांच्याच हातात आहे. पडद्यावर एक वर्तुळ आहे, त्यात चेहरा बसायला हवा. बाईंचा हात थरथरतो, चेहरा वर्तुळातून निसटतो. माझा हात पाठीमागे असतानाही पुढे येऊ बघतो, मी मूठ आवळते. आबा उठतात, कोपऱ्यातला लोड आणून बाईंच्या कोपराखाली सरकवतात.

“मागची दिनदर्शिका उलटी दिसतेय,” बाई म्हणतात.

जुळारी काका त्यांच्या खांद्यावरून फोनकडे बघतात आणि आरशातली ती अक्षरं सरळ वाचून दाखवतात, वार, तिथी, नक्षत्रासकट.

चेहरा बसतो. कडं हिरवं होतं. डोळ्यांची उघडझाप करा, अशी सूचना येते. बाई डोळे मिटतात, जरा जास्तच वेळ, आणि उघडतात. काही होत नाही. “भरभर, बाई,” मी म्हणते. त्या पुन्हा मिटतात, उघडतात. खोलीत कुणी बोलत नाही. माझ्या लक्षात येतं, समोरच्या रांगेत दोघीतिघी त्यांच्याबरोबर डोळे मिचकावत आहेत.

फोन टुणकन वाजतो. माहिती स्वीकारल्याचा निरोप आणि प्रमाण आयडी. बाई वहीत तो आकडा लिहितात, तारीख घालतात, खाली रेघ मारतात. “पुढच्या वर्षी घरून करेन,” त्या म्हणतात. मग वही न मिटताच थोडा वेळ खिडकीबाहेर बघतात.

चहा येतो. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, त्यामुळे बोलणं अक्षता, हॉल, केळवणांकडे वळतं. गंगापुरीतल्या आजी संगणकावरून उठून फोन हातात घेतात.

“हे बघा, पत्रिका आली. आमच्या भजनातल्या मैत्रिणीकडून. कुणाचं काढलं हिनं?”

त्या टिचकी मारतात. मी चहाचा कप ठेवत असते, सहज पडद्याकडे नजर जाते. पत्रिका उघडलेली नाही. अनोळखी ॲप बसवायला परवानगी देता का, असं फोन विचारतो आहे. वर फाइलचं नाव दिसतं, त्याच्या शेपटाला एपीके. आजींचा अंगठा ‘परवानगी द्या’च्या दिशेनं निघाला आहे.

मी त्यांच्या हातातून फोन ओढून घेते.

खोली गप्प होते. आजींचा हात तसाच, फोन धरल्यासारखा, हवेत राहतो. त्यांचा चेहरा मला ओळखीचा आहे. घरी कुणी ‘द्या इकडे’ म्हणाल्यावर होतो, तोच तो.

“चुकलं का गं माझं?”

“नाही आजी. माझं चुकलं. मी सांगायला हवं होतं, ओढून घ्यायला नको होता.” मी फोन तसाच, त्याच पडद्यासह, त्यांच्या तळहातावर ठेवते. हात मागे घेते. ते थरथरत आहेत. “वरचं नाव वाचा. शेवटची तीन अक्षरं.”

त्या चष्मा सारखा करतात. “ए. पी. के.”

“फोटो असेल तर शेवटी जेपीजी असतं, कागद असेल तर पीडीएफ. एपीके म्हणजे फोनमध्ये बसणारं ॲप. ते बसलं की तुमचे मेसेज, ओटीपी दुसऱ्याला दिसू शकतात. अजून काही झालेलं नाही. ते बसलेलं नाही.”

आजी बराच वेळ पडद्याकडे बघतात.

“पत्रिका बघायला परवानगी कशाला लागते?” त्या विचारतात. मला नाही, फोनलाच विचारल्यासारखं. मग अंगठा खाली नेऊन ‘रद्द करा’ दाबतात. उतरलेली फाइल कुठे असते ते विचारतात. मी सांगते, त्या शोधतात, पुसतात. कचऱ्याच्या डब्यातून पण काढायची का, तेही विचारतात. सगळ्याला सहा-सात मिनिटं लागतात. चहा गार होतो, कुणी कप उचलत नाही.

“पैसे गेले असते तर?” आबा विचारतात.

उत्तर तीन-चार तोंडांतून एकदमच येतं, एकोणीसशे तीस, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर. लगेच लावायचा, उद्यावर टाकायचा नाही. जितका लवकर लावाल तितकी पैसे वाटेत अडवायची आशा जास्त. बाई खडू घेऊन फळ्यापाशी जातात आणि तिसरी ओळ लिहायला लागतात.

पण आजींचं तिकडे लक्ष नाही. त्या यादीत मैत्रिणीचं नाव शोधत आहेत.

“हिनं मुद्दाम पाठवली नसणार. हिचाच फोन कुणीतरी धरलाय,” त्या म्हणतात. “हिच्या नावानं सगळ्या भजनी मंडळाला गेली असेल. त्या बायका उघडतील.”

त्या मेसेज करत नाहीत. सरळ फोन लावतात, कानाला धरतात. पलीकडे घंटा वाजत असल्याचं आम्हाला सगळ्यांना ऐकू येतं.

“अगं, मी बोलतेय. आधी एक सांग, तुझ्याकडं लग्न कुणाचं आहे?”